गणपतीनंतरची तारीख

मशीन अडकतंय

पार्लरमध्ये आयब्रो बिघडली की चूक कस्टमरची असते. ती हलते म्हणून बिघडते. इतकी वर्षं मी हेच सांगत आले आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. त्या दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतकाकूंच्या उजव्या भुवईचं शेपूट माझ्या धाग्यात गेलं, तेव्हाही मी तेच म्हटलं. काकू म्हणाल्या, मी दोन्ही हातांनी कातडी ताणून डोळे मिटून बसलेय, हलेन कशी? आमचं चांगलंच वाजलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं की वैशालीचा हात गेला.

हात शाबूत होता. डोळे जायला लागले होते, पण ते मला माहीत नव्हतं.

अंधेरी पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि पडद्यामागे वॅक्सिंगचा बाक. त्या पावसाळ्याच्या आधीपासून दाराच्या चौकटी माझ्या खांद्यांना लागायला लागल्या होत्या. स्टेशनबाहेर एक रिक्षा अगदी अंगावर आली, मी त्या रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढल्या. तन्वी, माझी मुलगी, कॉलेजला आहे, ती म्हणायची, मम्मी, मी बाजूलाच उभी आहे, तू बघत पण नाहीस. डोकं दुखायचं ते मी ब्लीचच्या वासावर ढकललं. पाळी थांबली तेव्हा म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं.

शेवटी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एका मशीनसमोर बसवलं. पांढऱ्या घमेल्यात हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. एक डोळा झाकलेला. दोन-चार दिवे लागले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग परत एखादा. मी म्हटलं, "मॅडम, मशीन अडकतंय तुमचं." ती मुलगी म्हणाली, चालू आहे. मी म्हटलं, अहो नाही, मधेमधे बंद पडतंय, एकदा बघून घ्या. बिचारीने उठून स्वतः हनुवटी टेकवून बघितलं. तिला सगळे दिवे दिसत होते.

डॉक्टरांनी कागद माझ्यासमोर धरला. दोन गोल, दोन डोळ्यांचे. दोन्हींची बाहेरची बाजू काळी. ते डोळ्यांबद्दल काही बोललेच नाहीत. डोकं दुखतं का, पाळी नियमित आहे का, हे विचारायला लागले.

एमआरआय झाला. नाकाच्या मागे, मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती आणि ती डोळ्यांच्या नसेवर बसली होती. कॅन्सर नाही, हे डॉक्टरांनी सगळ्यात आधी सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. मग म्हणाले, नस दाबली जातेय. जितका उशीर कराल तितकी नजर परत यायची शक्यता कमी. ऑपरेशन नाकातून होतं, कवटी उघडत नाहीत, पण आपल्या इकडच्या हॉस्पिटलात होत नाही. टाउनला, दक्षिण मुंबईत, मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल. खाजगीत करायची आमची ऐपत नव्हती, विषय संपला. त्यांनी चिठ्ठी लिहिली, वर 'अर्जंट' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा बघून मला फार धीर आला.

सगळेच अर्जंट

टाउनच्या हॉस्पिटलात पोचल्यावर कळलं की तिथे प्रत्येकाच्या हातातल्या चिठ्ठीवर अर्जंट असतं. काहींच्या खाली तीन रेघा होत्या.

त्या हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. मला तपासणारा डॉक्टर तन्वीपेक्षा थोडाच मोठा असेल, उभ्याउभ्या वडापाव खात होता आणि खाता खाता माझे रिपोर्ट वाचत होता. पण ओपीडी ठरावीक वारी. आमचा एमआरआय त्यांना चालेना, रंगाचं इंजेक्शन देऊन नवा काढायचा, त्याला तारीख. हॉर्मोनची तपासणी दुसऱ्या विभागात, त्यांचा वार वेगळा. भूलवाल्यांचा वार त्याहून वेगळा. एवढं सगळं पार पडलं की तुमचं नाव ऑपरेशनच्या यादीत, आणि मग फोन येईपर्यंत घरी बसायचं. कधी येईल? सांगता येत नाही. दिवाळी उजाडेल कदाचित. डोकं फुटलेला माणूस ॲम्ब्युलन्समधून आला की ठरलेलं ऑपरेशन मागे जातं. डोकं फुटलेल्याला थांब रे बाबा म्हणता येत नाही, हे मला कळतं. कळूनही राग यायचा थांबत नाही.

आजारपणात भीती वाटते हे सगळे सांगतात. जळतं, हे कोणी सांगत नाही. मी सांगते. त्या बाकावर बसून मी ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याच्यावर जळायचे. कोणाची तरी ओळख काढून थेट आत जाणाऱ्यांवर तर जळायचेच, त्यांना चार शिव्या मनात द्यायचे. ट्रॉलीवरून आत नेतात त्या माणसांवरसुद्धा जळायचे, देवा माफ कर, पण त्यांना थांबावं लागत नव्हतं ना. आणि बाजूने येणारी माणसं ज्यांना आपोआप दिसतात, मान न वळवता, त्या सगळ्या जगावर जळायचे.

मग रेश्मा भेटली, आणि सगळी जळजळ एका ठिकाणी जमा झाली.

रेश्मा

घाटकोपरची. शाळेत शिकवायची, माझ्याहून पुष्कळ लहान. तीच ग्रंथी, तीच गाठ, तीच नस. बाकावर शेजारी बसलो आणि मी सवयीने पहिल्यांदा तिच्या भुवया बघितल्या. जन्मात धागा न लावलेल्या आणि तरी रेखीव. तिथेच माझं बिनसलं.

तिचा नवरा फाईल धरून मागे उभा असायचा. आई डबा घेऊन यायची, थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा. माझा दिनेश मरोळला एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, त्याला दर वेळी रजा कुठून मिळणार? तन्वीच्या परीक्षा. मी बहुतेक वेळा एकटी, पिशवीत बिस्किटचा पुडा. रेश्माची आई मला आग्रहाने थालीपीठ द्यायची. मी खायचे आणि खाता खाता जळायचे. थालीपीठ उत्तम असायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

तरी आमची मैत्री झाली, ती कशी थांबणार? एकमेकींची जागा धरायचो, कुठल्या खिडकीला किती गर्दी आहे ते फोनवर सांगायचो. ती मला वैशूताई म्हणायला लागली. आमचा एक खेळ होता. एकीने सरळ समोर बघायचं, दुसरीने कानामागून बोट हळूहळू पुढे आणायचं, दिसलं की सांगायचं. तिला नेहमी माझ्याआधी दिसायचं. "परत कर," मी म्हणायचे. ती परत करायची. परत तेच. घरी येऊन मी तन्वीबरोबर तोच खेळ खेळायचे आणि चोरून डोळे वळवायचे. तन्वी म्हणायची, मम्मी, चीटिंग करतेस. कोणाला फसवत होते कोण जाणे.

एकदा ती आतून रडत आली. नव्या एमआरआयमध्ये तिची गाठ थोडी वाढलेली दिसली होती, माझ्यापेक्षा मोठी निघाली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, रडू नको गं म्हटलं. आणि माझ्या मनात काय चाललं होतं? आता हिचा नंबर आधी लागणार. दुसरीच्या गाठीचा हेवा वाटलेली बाई तुम्ही कधी बघितली नसेल तर इथे बघा.

पाळी

आमचा गणपती गावाला, कणकवलीच्या बाजूला. दिनेशचे चुलत-सख्खे मिळून चार घरांचा एक गणपती आणि दरवर्षी एका घराची पाळी. पाळी म्हणजे मूर्तीपासून तिच्या डोक्यावर फळं-पानं बांधायच्या माटवीपर्यंत सगळं त्या घराने बघायचं, रोज रात्री येणाऱ्या भजनी मंडळींची उसळ आणि चहासुद्धा. यंदा पाळी आमची होती. तिकडे सासूबाई एकट्या. दिनेश जूनपासून तयारीत होता. तिकिटं तर आमच्याकडे माणूस आजारी पडायच्या आधीच काढलेली असतात.

हॉस्पिटलात फोन नंबर मी दिनेशचा दिला होता. का दिला, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. अहो, सवय. गॅसला त्याचा, बँकेत त्याचा, तन्वीच्या शाळेत त्याचा. फॉर्म समोर आला की हात त्याचाच नंबर लिहितो.

गणपती तोंडावर आले होते. दिनेश सामानाच्या पिशव्या घेऊन घरी आला, पाणी प्यायला आणि मी भेंडी चिरत होते तेव्हा सहज म्हणाला, "हॉस्पिटलचा फोन आलेला. ह्याच आठवड्यात ॲडमिट व्हा म्हणत होते, कोणाचं तरी कॅन्सल झालंय. मी म्हटलं, मॅडम, गणपतीनंतर द्या ना."

मी सुरी खाली ठेवली. "मग?"

"बरं म्हणाली. बाई चांगली होती."

"तारीख दिली?"

"नाही. बरं म्हणाली."

मी फोन लावला, लागेना. लागला तर कोणी उचलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उचलला. ती जागा गेली होती. सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच नको म्हणालात ना, आता नाव खाली गेलं, बघू, कळवू.

मी दिनेशला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो त्या पिशव्यांवर बसून होता. त्याने वाईट म्हणून केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आमचं सगळं आयुष्य गणपतीनंतरच असतं. रंगारी गणपतीनंतर, पोरीचं बघणं गणपतीनंतर, भावाशी भांडण असेल तर तेही गणपतीनंतर मिटवू. त्याच्या कंपनीत साहेबसुद्धा ऐकतो. त्याला वाटलं, हॉस्पिटलही ऐकेल. "आठवड्याचा तर प्रश्न होता गं," तो परत परत म्हणत होता. आणि मला दिसत होता तो अर्धाच.

दुपारी रेश्माचा फोन आला. वैशूताई, मला तारीख मिळाली, ह्याच आठवड्यात. तिच्या माहेरचा गणपती दीड दिवसाचा, आई बघून घेईल, ती तर आजच बॅग भरतेय. आवाजात नुसता आनंद. मी म्हटलं, "झकास गं." फोन ठेवला आणि पार्लरचं शटर असं आदळलं की समोरचा इस्त्रीवाला बाहेर येऊन बघायला लागला.

गावाला मी गेले नाही. दिनेशला म्हटलं, तू जा, पाळी सोडून चालत नाही, आई एकट्या आहेत. तो गेला. रोज टेकडीवर चढून रेंज मिळेल तिथून फोन करायचा, मी हां-हूं करायचे. चतुर्थीला आमची बिल्डिंग रिकामी, सगळे कोकणात. मी आणि तन्वीने खिचडी खाल्ली. शेजारच्या सोसायटीतून आरती ऐकू येत होती, मी खिडकी लावून घेतली. मी गणपतीवरही रागावले होते.

माझी खाट

रेश्माला बघायला मी गेले ते तिच्यासाठी गेले असं म्हणायला आवडेल. मी खाट बघायला गेले. कुठे पडले असते मी, खिडकीजवळ की दाराजवळ?

खिडकीजवळ होती. रेश्माच्या नाकात बोळे भरलेले, तोंड उघडं, ओठ सुकलेले. आई ओल्या कापसाने ओठ टिपत होती. मला बघून रेश्माच्या डोळ्यांत पाणीच आलं. "वैशूताई, तुम्ही दारातून आलात ना, तेव्हाच दिसलात. बाजूने दिसलात."

मी म्हटलं, अरे वा. आणखी काय म्हणणार? आत नुसता भडका उडाला होता. तिची आई चहा आणायला खाली गेली. मी नारळपाण्याची बाटली टेबलावर ठेवली, स्टूल ओढलं आणि मला राहवलं नाही.

"रेश्मा, ही तारीख माझी होती."

ती छताकडे बघत, बोळ्यांमुळे सर्दी झाल्यासारख्या आवाजात म्हणाली, "माहीत होतं मला."

"काय?"

"सिस्टर म्हणाल्या, अंधेरीच्या एक बाई गणपतीनंतर म्हणतायत, तुम्ही येता का? यंदा तुमची पाळी आहे, तुम्हीच सांगितलं होतंत. मी ओळखलं."

"मग मला एक फोन नाही केलास?"

"केला असता तर तुम्ही परत मागितली असती. मग मी काय केलं असतं, वैशूताई?"

मी उठले आणि निघाले. लिफ्टपाशी येऊन माझ्या मनात आलं की मागे जाऊन ते नारळपाणी उचलून आणावं. इतकी मी खालच्या पातळीला गेले होते. तिची आई चहाचे कप घेऊन समोरून आली, म्हणाली, थांबा ना, तुमचाही आणलाय. मी थांबले नाही.

खाली गेलेलं नाव

गणपती गेले. नवरात्र गेलं. दिवाळीत मी घरात दिवा लावताना हात भाजून घेतला.

नजर उतरत होती. ज्याला हे झालं नसेल त्याला सांगते, काळोख दिसत नाही. काहीच दिसत नाही. जग दोन्ही बाजूंनी कमी होत जातं आणि तुम्हाला वाटतं जग एवढंच आहे. मी दूध ओतायचे ते पातेल्याच्या बाहेर. तन्वी माझ्यासमोर बसून बोलायची आणि तिच्या चेहऱ्याची कड नसायची. आयब्रो बंद केल्या, फक्त फेशियल ठेवलं, ते हाताने कळतं. पण बायकांना शंका यायला लागली, वैशाली आपल्याकडे बघून का बोलत नाही? त्या समोरच्या गल्लीतल्या पार्लरला जायला लागल्या. त्या पार्लरवाल्या पोरीवरही मी जळले, पण तिचा नंबर बराच खाली होता.

दिनेशशी मी धड बोलत नव्हते. तो रजा टाकून हॉस्पिटलात जायचा, खिडकीवर उभा राहायचा, हात हलवत परत यायचा. एकदा आल्यावर नुसतं म्हणाला, नंबर बदलून आलोय, तुझा दिलाय. त्या दिवशी त्याला चहा मी करून दिला, दूध अर्धं ओट्यावर सांडलं ते त्याने पुसलं.

रेश्माचे मेसेज यायचे. कशा आहात, तारीख लागली का, मी काही करू का? मी उत्तर देत नव्हते. ती शाळेत परत रुजू झाली होती. एकदा तिच्या स्टेटसला फोटो होता, हेल्मेट घालून स्कूटरवर. स्कूटर. मी इथे रस्ता ओलांडायला पोरीचा दंड धरतेय आणि ही स्कूटर चालवतेय, माझ्या नजरेने. मला खरंच तसं वाटायचं, ती माझी नजर घेऊन गेलीय असं. मी तिचं स्टेटस बंद करून टाकलं.

अमावस्या

माझा फोन वाजला तेव्हा मी एका कस्टमरच्या तोंडाला पॅक लावत होते. हाताला मुलतानी माती. हॉस्पिटलच्या सिस्टर. उद्या ॲडमिट होता का, परवा ऑपरेशन. एका पेशंटच्या घरचे नको म्हणतायत, अमावस्या आहे म्हणून. तुम्हाला चालेल?

मी म्हटलं, सिस्टर, मला अमावस्या चालेल, ग्रहण चालेल, काहीही चालेल. त्या हसल्या. म्हणाल्या, घरी विचारून घ्या. मी म्हटलं, विचारलं. ती पेशंट कोण, कुठली, तिला किती दिसतं, हे मी विचारलं नाही. तोंडावर आलं होतं, गिळून टाकलं. आणि फोन ठेवल्यावर मला रेश्मा आठवली. मला तिचा रागही आला आणि हसूही आलं, मातीच्या हातांनी डोळे पुसले तर आणखीच गोंधळ.

संध्याकाळी सासूबाईंचा गावाहून फोन. "गो, खुळावलंस काय? अमाशेक कोण कापून घेता?" दिनेशने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "आई, ह्यावेळी नाही." एवढंच. त्याने आईला नाही म्हटलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, त्यामुळे त्यात शौर्य वगैरे काही नाही. जाग आली तेव्हा नाक गच्च, तोंडाने श्वास, घसा कोरडा ठाक. शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, वाकायचं नाही. तन्वी ओल्या कापसाने ओठ टिपत होती आणि मध्येच वाटीतला कापूस बदलत होती. मी खुणेने विचारलं, तुला कोणी शिकवलं? म्हणाली, रेश्मामावशीने. तन्वीने माझ्या फोनमधून नंबर घेऊन तिला ऑपरेशनचं कळवलं होतं आणि तिने सगळं लिहून पाठवलं होतं, उशा किती, स्ट्रॉ वापरायची नाही, रात्री तोंड सुकलं की काय करायचं. मी डोळे मिटून पडून राहिले आणि तो ओला कापूस फार बरा वाटला.

उजव्या बाजूचा हिरवा पडदा त्याच संध्याकाळी दिसला. आधी पडदा, मग सलाईनचा दांडा, मग शेजारच्या खाटेवरच्या आजींचा पाय. मी मान न वळवता बघत राहिले. डावीकडे काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी थोडं येईल, काही येणार नाही. मी विचारलं, गणपतीत केलं असतं तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. त्यानंतर जो डॉक्टर भेटला त्याला मी हेच विचारलं. कोणी सांगितलं नाही.

ज्यांचं अजून व्हायचंय

डावीकडचं आलं ते थोडंच. आयब्रो मी परत करते, मान वळवून करते, वेळ लागतो. सावंतकाकू अजून येत नाहीत, नाही तर नाही.

तुम्ही अशा एखाद्या फोनची वाट बघत असाल तर नंबर स्वतःचा द्या आणि फोन जवळ ठेवा, पार्लरात असा की देवघरात. घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा, हॉस्पिटलचा फोन आला तर एकच उत्तर, हो. सण परत येतो. सोबत माणूस मिळालं तर न्या, नाही मिळालं तर एकट्या जा, पण बिस्किटांवर राहू नका. आणि शेजारचीवर जळत असाल तर स्वतःला फार बोल लावू नका. त्या बाकावर बसलेली प्रत्येकजण जळत असते, थालीपीठ देणारीसुद्धा.

रेश्मा घरी येते. तिला सगळं दिसतं, चारही बाजूंनी. ती जिना उतरताना कठड्याला हात लावत नाही आणि मी वरून बघत राहते. अजून जळतं मला. मैत्रीही आहे. दोन्ही एका घरात नांदतायत.

मला सोडायच्या आदल्या दिवशी वॉर्डात एक बाई आली. माझ्याच वयाची, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एमआरआय. आधी सिस्टरांशी काहीतरी बोलली, मग चाचपडत, खाटांचे दांडे धरत माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"अमावस्येला तुमचंच झालं ना?"

मी मान हलवली.

"माझी होती ती तारीख. घरच्यांनी नको म्हटलं." ती रागाने बोलली नाही. माझी उशी बघत होती, सलाईन बघत होती, एकेक गोष्ट मान वळवून वळवून बघत होती. मग तिने विचारलं, "दिसतं का हो आता?"

मला तिच्या कानातली कुडी दिसत होती. तिच्या मागची खिडकी, खिडकीतल्या कबुतराची पिसं, पिशवीवर छापलेलं दुकानाचं नाव, सगळं.

"नाही हो," मी म्हटलं. "अजून काहीच फरक नाही."

"होईल हळूहळू," ती म्हणाली, आणि माझ्या पायावरची चादर नीट केली. तिच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली होती. तीही मला स्वच्छ दिसली.